रिसेल फ्लॅट घेताना एजंट नेमका कोणाचा? पहिल्या फोनपासून दलालीच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत

रिसेल फ्लॅटच्या व्यवहारात बहुतेकांचा क्रम उलटा लागतो. पोर्टलवर घर दिसतं, खालच्या नंबरवर फोन जातो, शनिवारी एजंट घर दाखवतो आणि रविवारी संध्याकाळी "दुसरी पार्टी तयार आहे" हे ऐकून टोकन दिलं जातं. कागद त्यानंतर मागितले जातात. दलाली किती, हे त्याच्याही नंतर कळतं. एजंट आपला होता की मालकाचा, हा प्रश्न तर वाद पेटल्यावरच निघतो, आणि तेव्हा विचारून काही उपयोग नसतो.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट घेणाऱ्यासाठी आहे. नव्या प्रकल्पात आणि भाड्याच्या घरात काय बदलतं, ते शेवटी थोडक्यात दिलं आहे.

टप्पा १ : एजंट कोणाचा, हे फोनवरच विचारा

तुम्ही फोन केला म्हणून एजंट तुमचा होत नाही. ज्या फ्लॅटची जाहिरात आहे, त्याच्या मालकानेच बहुतेक वेळा त्याला काम दिलेलं असतं, आणि मालकाला चांगला भाव मिळवून देणं हे त्याचं रास्त काम आहे.

प्रत्यक्षात तीन तऱ्हा दिसतात. पहिल्या तऱ्हेत एजंट फक्त मालकाचा असतो. दुसरीत तो तुमचा असतो: तुम्ही गरज सांगता, तो बाजारात शोधतो, मालकाच्या एजंटाशी बोलणी करतो आणि दोघे आपापल्या पार्टीकडून दलाली घेतात. तिसरीत एकच एजंट दोन्ही बाजूंनी असतो आणि दोघांकडून पैसे घेतो. पुण्या-मुंबईत ही तिसरी तऱ्हा सर्रास चालते. दोन्ही पार्ट्यांना ठाऊक असेल तर तिला हरकत नाही. अडचण होते ती लपवल्यामुळे.

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजन्सीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते आजही लागू आहे. एजंटाने नेमणाऱ्याला न सांगता त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा साधला आणि त्यासाठी महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा त्यात नेमणाऱ्याचं नुकसान झालं, तर कलम २१५ नुसार नेमणाऱ्याला तो व्यवहार नाकारता येतो. असा न सांगता केलेल्या सौद्यातून एजंटाने जे कमावलं, ते कलम २१६ नुसार मागता येतं. मात्र हे हक्क नेमणाऱ्याचे आहेत. तुम्ही त्याला नेमलंच नसेल, तर ते तुमच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून पुढचा सगळा क्रम "नेमलं की नाही" इथून सुरू होतो.

पहिल्याच फोनवर हे तीन प्रश्न विचारा:

१. या फ्लॅटच्या मालकांनी तुम्हाला काम दिलं आहे का, की दुसऱ्या एजंटामार्फत माहिती आली आहे?
२. दलाली कोणाकोणाकडून घेणार आणि किती टक्के?
३. फ्लॅट तुमच्या, तुमच्या भागीदाराच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर तर नाही ना?

उत्तरं मिळाली की लगेच व्हॉट्सॲपवर टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे, तुम्ही मालक आणि आम्ही अशा दोघांसाठी काम करता आणि आमच्याकडून १ टक्का घेणार आहात. बरोबर?" "हो" आलं की तो मेसेज जपून ठेवा.

सावध: एजंट मालकाचा किंवा दोघांचा असेल, तर तीन गोष्टी त्याच्या कानावर घालू नका. तुमचं वरचं बजेट, बँकेने मंजूर केलेली कर्जाची रक्कम आणि घर किती तातडीने हवं आहे ते. "मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते" एवढं वाक्यही पुढे बोलणीत तुमच्या विरुद्ध वापरलं जातं.

टप्पा २ : एजंटाची ओळख तपासा, पण रेरा नंबरवर विसंबू नका

महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्प आणि एजंट यांच्यावर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांचा शोध घेता येतो. एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. प्रकल्पाचा नंबर स्वतःचा म्हणून सांगणारेही भेटतात, तेव्हा पहिलं अक्षर बघा. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, म्हणून मुदत संपली आहे का तेही पाहा. नोंदणी एखाद्या फर्मच्या नावावर असेल, तर तुमच्याशी बोलणारा माणूस त्या फर्मचा आहे का, ते फर्मच्या नंबरवर फोन करून विचारा. महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. त्याचं सक्षमता प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

इथे एक मोठा गैरसमज आहे. रेरा कायदा, २०१६ च्या कलम ९ मधली एजंट नोंदणीची सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर विकत असलेल्या घरांसाठी. वीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट मालकाकडून घेताना एजंटाकडे रेरा नंबर असला, तरी त्या व्यवहाराला आपोआप रेराचं छत्र मिळत नाही. नंबर असणं चांगलंच, कारण माणूस शोधता येतो आणि त्याचं नाव कुठेतरी नोंदलेलं असतं. पण रिसेलमध्ये तुमचं खरं संरक्षण तुमच्या लेखी करारातच आहे, आणि तो पुढच्या टप्प्यात येतो.

तपासून घ्या: एजंट दलालीवर १८ टक्के जीएसटी लावणार असेल, तर त्याच्याकडे जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर जीएसटी घेता येत नाही.

टप्पा ३ : पहिलं घर पाहण्याआधी एक पानाचं पत्र

लोक हाच टप्पा गाळतात. "आधी घर तर आवडू दे, मग बघू" असं म्हणतात. घर आवडल्यावर तुमची बाजू कमजोर होते, कारण तेव्हा चावी एजंटाकडे असते आणि जीव तुमचा अडकलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की एक पान लिहून द्यायला तयार नसलेल्या एजंटाबरोबर घर पाहायला जाऊच नये.

५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार केलात तर उत्तम. तेवढं जमलं नाही, तर ईमेलवर मजकूर पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या. मजकूर साधारण असा (साठेखत म्हणजे खरेदीखताआधी होणारा विक्रीचा करार):

"मी, (नाव), (परिसर) भागात दोन बीएचके रिसेल फ्लॅट शोधण्यासाठी आणि मालकाशी बोलणी करण्यासाठी (एजंटाचं नाव, पॅन, असल्यास रेरा क्रमांक) यांची आजपासून ९० दिवसांसाठी नेमणूक करत आहे. दलाली: साठेखतात लिहिलेल्या किमतीच्या १ टक्का, लागू असल्यास जीएसटी वेगळा. त्यातली निम्मी साठेखताची नोंदणी झाल्यावर आणि निम्मी ताबा व मूळ कागद मिळाल्यावर. व्यवहार साठेखतापर्यंत पोहोचला नाही, तर दलाली देय नाही. एजंटांनी स्वतः दाखवलेल्या आणि सोबतच्या यादीत तारखेसह नोंदलेल्या फ्लॅटनाच ही दलाली लागू राहील. एजंट मालकाकडूनही दलाली घेत असल्यास ते टोकनआधी लेखी कळवतील. माझ्या वतीने पैसे स्वीकारण्याचा, किंमत मान्य करण्याचा किंवा सही करण्याचा अधिकार एजंटांना नाही."

यातल्या चार ओळींवर घासाघीस होते, त्या नीट समजून घ्या.

दलाली कधी देय होते. करारात काही लिहिलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम २१९ नुसार काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. पण "काम पूर्ण" म्हणजे काय, यावरच वाद होतात. एजंट म्हणतो की टोकन झालं, काम झालं. तुम्ही म्हणता, ताबा मिळाला तर काम झालं. म्हणून टप्पे लिहून टाका.

टक्केवारी कशावर. काही एजंट फर्निचर आणि पार्किंगचे पैसे धरून हिशेब करतात. "साठेखतात लिहिलेली किंमत" हे शब्द ठेवा.

दर. रिसेलमध्ये प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के मागण्याची रीत आहे. दर कायद्याने ठरवलेला नाही, तो बोलून ठरतो. दोन्हीकडून घेणाऱ्याने एक टक्क्यावर यावं, ही मागणी रास्त आहे.

मुदत आणि शेपूट. मुदत संपल्यानंतर त्याच एजंटाने दाखवलेला फ्लॅट तुम्ही घेतलात तर दलाली लागू राहते का? तीन महिन्यांपर्यंत राहील, अशी ओळ वरच्या पत्रात जोडणं दोघांनाही न्याय्य आहे. ही ओळ नसली की एजंट तीन वर्षांनीही हक्क सांगतो, किंवा ग्राहक मुदत संपायची वाट बघत बसतो.

टप्पा ४ : घरं पाहताना नोंद ठेवा

साधी वही किंवा फोनमधली यादी पुरते: तारीख, सोसायटी, विंग, फ्लॅट क्रमांक, कोणी दाखवला, सांगितलेली किंमत. हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की एकच फ्लॅट तीन एजंटांकडे असतो. पहिल्याने दाखवलेलं घर तुम्ही दुसऱ्यामार्फत घेतलंत, तर दोघेही दलाली मागतात आणि दोघांकडेही तुमचे मेसेज असतात. निघण्यापूर्वी सोसायटी आणि विंग विचारा. आधी पाहिलेला असेल तर लगेच लिहा: "हा फ्लॅट आम्ही १४ तारखेला दुसऱ्या एजंटामार्फत पाहिला आहे."

बऱ्याच फर्म घर दाखवण्याआधी 'व्हिजिट स्लिप'वर सही मागतात. ती हजेरी समजून सही करू नका. खालच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा दोन टक्के दलाली मान्य असल्याचं छापलेलं असतं. टप्पा ३ च्या पत्रात एक टक्का आणि स्लिपवर दोन टक्के असतील, तर स्लिपवर "दि. अमुकच्या पत्रातील अटींनुसार" असं हाताने लिहून मगच सही करा आणि फोटो काढून ठेवा.

घरात उभे असतानाच कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारा. एजंट "नऊशे पन्नास स्क्वेअर फूट, नऊ हजारचा रेट" असं सांगतो. म्हणजे ८५,५०,००० रुपये. पण साठेखतात कार्पेट ६४० चौरस फूट निघालं, तर दर पडला १३,३५९ रुपये. शेजारच्या सोसायटीतल्या फ्लॅटशी तुलना करायची ती याच आकड्याने. सेलेबल किंवा बिल्ट-अप (भिंती, सामायिक जागा वगैरे धरून फुगवलेल्या) आकड्यांवर तुलना केली की प्रत्येक जण आपल्या सोयीचा गुणक लावतो आणि महाग घर स्वस्त दिसायला लागतं.

टप्पा ५ : टोकनच्या आधी कागद, आणि वकील तुमचा

एजंटाला सांगा की या कागदांच्या प्रती आल्याशिवाय टोकनचा विषय नाही:

- बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या कागदापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी साठेखतं, खरेदीखतं आणि त्यांचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा)
- सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या नोंदींसह
- सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र आणि मालमत्ता कराची ताजी पावती
- भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला)
- कर्ज असेल तर बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी
- सर्व सहमालकांची ओळखपत्रं आणि पॅन

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या मिळकतीचे नोंदवलेले दस्त घरबसल्या पाहता येतात. वकिलाचा सर्च रिपोर्ट हवाच, पण तुम्ही स्वतः अर्धा तास दिलात तर दोन गोष्टी लगेच दिसतात: शेवटचा खरेदीदार म्हणून नाव कोणाचं आहे, आणि बँकेकडे गहाण असल्याची सूचना नोंदली आहे का.

"आमचेच वकील आहेत, सगळं करून देतात" हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकू येतं. त्या वकिलांना काम एजंटाकडून मिळतं, आणि एजंटाचं उत्पन्न व्यवहार होण्यावर अवलंबून असतं. त्यांच्या सचोटीवर शंका न घेताही तुम्ही वेगळा वकील घेऊ शकता, आणि घ्याच. फी दलालीच्या मानाने किरकोळ असते.

मालक परदेशात असतील तर जास्त जपा. पुण्या-नाशिककडचे कित्येक फ्लॅट अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मुलांच्या नावावर आहेत आणि इथे सही करणारा कुलमुखत्यार असतो. कधी तो भाऊ असतो, कधी चक्क एजंट. अशा वेळी कुलमुखत्यारपत्रात विक्रीचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, परदेशात केलेलं असेल तर भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. मालकांशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. मालकाचं निधन झालं की एरवी कुलमुखत्यारपत्रही संपतं, आणि ही बातमी खरेदीदारापर्यंत पोहोचलेली नसते. पैसे मालकांच्याच खात्यात जायला हवेत, कुलमुखत्याराच्या नाही.

थांबा: एजंट कागदांचे फक्त फोटो पाठवत असेल आणि "मूळ कागद रजिस्ट्रेशनच्या दिवशी दाखवतो" म्हणत असेल, तर पुढे जाऊ नका. मूळ कागद बँकेत असतील तर बँकेची यादी मिळायला हवी. कुठेच नसतील, तर ते हरवल्याची पोलीस तक्रार आणि नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत आधी हवी.

टप्पा ६ : किमतीची बोलणी मालकासमोर

एजंट भाव खाली-वर नेईल, ते त्याचं कौशल्य आहे आणि त्याचा उपयोग करून घ्या. पण शेवटचा आकडा मालकाच्या तोंडून ऐका.

कारण 'नेट रेट'चा प्रकार. मालक एजंटाला सांगतात, "मला ८० लाख हातात हवेत, वरचं तुझं." एजंट तुम्हाला ८३ सांगतो आणि वर एक टक्का दलालीही घेतो. मधले तीन लाख रोखीने काढायचे म्हणून मग "साठेखत ८० चं करू, तीन वेगळे द्या" असा प्रस्ताव येतो. याला तिथेच नकार द्या. ते पैसे कुठेही दिसत नाहीत, त्यावर कर्ज मिळत नाही, आणि तुम्ही फ्लॅट विकायला काढाल तेव्हा खरेदी किंमत म्हणून ते धरलेही जात नाहीत. शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

म्हणून टोकनच्या आधी एक बैठक बसवा: मालक, सगळे सहमालक, तुम्ही, एजंट. आकडा मोठ्याने उच्चारला जाऊ द्या. "काका, म्हणजे पार्किंग आणि मॉड्युलर किचन धरून एकूण ८५ लाख, त्याशिवाय तुम्हाला काही द्यायचं नाही, बरोबर ना?" त्याच बैठकीत ताब्याची तारीख, कोणतं फर्निचर राहणार, सोसायटीच्या हस्तांतरणाचे पैसे कोण देणार, हेही ठरवा. एजंट अशी बैठक टाळत असेल, मालक नेहमी "बाहेरगावी" असतील आणि फोन नंबरही मिळत नसेल, तर मधल्या फरकाचा संशय घ्यायला जागा आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मालकाचा नंबर मिळाला म्हणून एजंटाला वगळून थेट सौदा करू नका. त्याने दाखवलेलं घर आहे, त्याने वेळ दिला आहे, आणि टप्पा ३ च्या पत्रावर तुमची सही आहे.

टप्पा ७ : टोकन मालकाच्या खात्यात, अटींसह

टोकन म्हणा, बयाणा म्हणा किंवा इसार म्हणा, ही रक्कम एजंटाकडे ठेवायला देऊ नका. "मी मालकांना पोचवतो" म्हणून घेतलेला चेक एजंटाच्या फर्मच्या नावावर असेल, तर कागदोपत्री तुम्ही मालकाला काहीच दिलेलं नाही. चेक किंवा बँक ट्रान्सफर थेट मालकाच्या खात्यात करा. सहमालक असतील तर पावतीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्या नवऱ्याची सही आणि फ्लॅट दोघांच्या नावावर, अशा स्थितीत बायकोने नकार दिला की व्यवहार अडकतो.

रक्कम छोटी ठेवा. ५१,००० किंवा एक लाख पुरेत. पावतीत हे आलंच पाहिजे:

"एकूण किंमत रु. ८५,००,०००. साठेखत आजपासून ३० दिवसांत. मालकी हक्कात दोष निघाल्यास, सहमालकांची संमती न मिळाल्यास किंवा फ्लॅटच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण टोकन सात दिवसांत परत. या ३० दिवसांत मालक फ्लॅट दुसऱ्या कोणाला विकणार नाहीत किंवा दाखवणार नाहीत."

शेवटच्या वाक्याखाली एजंटाचीही सही घ्या. तुमचं टोकन घेतल्यावर त्याच एजंटाने दुसरी पार्टी आणून भाव वाढवण्याचे प्रकार होतात.

टप्पा ८ : साठेखत आणि नोंदणी

इथे एजंटाचं काम तारखा जुळवण्याचं, धावपळीचं. मसुदा तुमच्या वकिलाचा किंवा त्याने तपासलेला असावा.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तुम्ही स्वतः ऑनलाइन चलनाने भरा. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुण्यात आणि ठाण्यात ७ टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराचं) मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. हे आकडे ठाऊक असले की "रजिस्ट्रेशनचे एकूण सात लाख द्या, मी बघतो" या वाक्यातले वरचे पैसे कोणते, ते लगेच विचारता येतं. टायपिंग, हाताळणी, वकील यांचे पैसे लागतात, पण त्यांची वेगवेगळी बिलं मागा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर भारतात राहणाऱ्या मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, एजंटाची नाही. मालक अनिवासी भारतीय असतील तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच जास्त असते. त्यासाठी टोकनच्या आधीच सीएला गाठा.

मालकाचं कर्ज बाकी असेल, तर तेवढी रक्कम थेट त्यांच्या कर्ज खात्यात जाईल, असं साठेखतात लिहा. दुय्यम निबंधक कार्यालयात सही करण्याआधी पडद्यावरची नोंद वाचा: नावं, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, किंमत. क्षेत्रफळातली एक चूक दुरुस्त करायला पुन्हा सगळ्यांना जमवून चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं.

टप्पा ९ : ताबा, सोसायटी आणि दलालीचा हिशेब

पहिला हप्ता साठेखताची नोंदणी झाली की द्या. ८५ लाखांवर १ टक्का म्हणजे ८५,०००. जीएसटी लागू असेल तर १५,३०० वर, एकूण १,००,३००. त्यातला निम्मा. बिल घ्या, पैसे बँकेतून द्या. रोख दिलेल्या दलालीची पावती मिळत नाही, आणि पुढे घर विकताना खर्च म्हणून दाखवायला पुरावा राहत नाही.

दुसरा हप्ता देण्याआधी हातात काय हवं: चाव्यांचे सगळे जोड, मूळ कागद, शेवटचं वीजबिल भरल्याची पावती, मालकांच्या सहीचे सोसायटी हस्तांतरणाचे अर्ज. सोसायटीला हस्तांतरणासाठी लाखभर द्यावे लागतील असं कोणी सांगितलं, तर राज्य सरकारचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक दाखवा. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं.

हे सगळं मिळालं, तर उरलेली दलाली त्याच दिवशी द्या. चांगलं काम केलेल्या एजंटाला महिनाभर फोन करायला लावणं हाही करारभंगच आहे. उलट एजंटाने एखादी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली असेल, तर करार कायद्याच्या कलम २२० नुसार गैरवर्तन झालेल्या कामाच्या भागाचा मोबदला मागण्याचा त्याला हक्क राहत नाही. मात्र पैसे अडवताना कारण लेखी कळवा, नुसतं फोन न उचलणं चालणार नाही.

नव्या प्रकल्पात काय बदलतं

इथे दलाली बहुतेक वेळा बिल्डर देतो, म्हणजे एजंट बिल्डरचा. तुमच्याकडून वेगळी दलाली मागत असेल तर कशासाठी, ते विचारा. प्रकल्प आणि एजंट दोघांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटाला दररोज १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाचे कागद तुम्हाला मिळवून देणं हे रेरा कायद्याच्या कलम १० नुसार एजंटाचं कर्तव्य आहे. साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाची माहिती महारेराच्याच पानावर वाचा, एजंटाच्या पीडीएफवर नाही.

भाड्याच्या घरात

एक महिन्याचं भाडं दलाली, ही रीत आहे. अकरा महिन्यांनी नूतनीकरण करताना पुन्हा दलाली लागेल का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. अर्ध्या तक्रारी याच्याच असतात. डिपॉझिट मालकाच्या खात्यात द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे. एजंट "नोटरी पुरे" म्हणाला तरी ऐकू नका.

बिघडलंच तर

बिल्डरच्या प्रकल्पातला एजंट असेल तर महारेराकडे रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली तक्रार करता येते, तिची फी ५,००० रुपये आहे. रिसेलमधल्या एजंटाने पैसे घेऊन काम केलं नाही किंवा माहिती लपवली, तर सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथे मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. टोकनच हडप केलं असेल, तर आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा हेच मागतात: नेमणुकीचं पत्र, व्हॉट्सॲपवरचे "हो", घरं पाहिल्याची यादी, टोकनची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्सपोर्ट करून ईमेलला पाठवून ठेवा. फोन बदलला की ते जाऊ शकतं.